एकोणीस नंबरचा बोल्ट

"न्हाय बसत."

मिस्त्रींनी हे दोन शब्द उच्चारले की समोरचा दुकानदार मुकाट्याने माल परत खोक्यात भरायला लागायचा. त्याआधीचा विधी ठरलेला असे. मिस्त्री काउंटरपाशी यायचे, खाकी पँटच्या उजव्या खिशात हात घालायचे आणि एक बोल्ट काढून काचेवर उभा करायचे. एकोणीस नंबरचा, जाड डोक्याचा, देवघरातल्या भांड्यासारखा लखलखीत. "आदी याला बसवून दाखवा," म्हणायचे. दुकानदार एकोणीसची गोटी पुढे करायचा. पान्याच्या दांड्याला लावायचं ते पोकळ तोंड, बोल्टच्या डोक्यावर टोपीसारखं बसतं, त्याला मेकॅनिक लोक गोटी म्हणतात. मिस्त्री ती गोटी बोल्टवर चढवायचे, कानाशी नेऊन हलवायचे. आतून खुळखुळ ऐकू आली की डोळे बारीक करून दुकानदाराकडे बघायचे. शंभर-सव्वाशे तुकड्यांच्या सेटमधली एकच गोटी तपासायची आणि तेवढ्यावर सगळा सेट नापास करायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

तुमच्याही ओळखीत असं कुणी असेल. भाजीवाल्याच्या काट्याखाली वाकून बघणारं, कुलूप लावल्यावर चारदा ओढून बघणारं. पण आमच्या मिस्त्रींपुढे ती सगळी मंडळी भोळी म्हणायची.

मी भिवंडीजवळ पूर्ण्याला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात स्टोअर सांभाळते. टायर, बेल्ट, फिल्टर, नट-बोल्ट, सगळं माझ्या कुलपात. या नोकरीत संशय हा गुण समजला जातो, आणि माझ्याकडे तो आधीपासूनच भरपूर होता. ड्रायव्हर लोक पाठीमागे म्हणतात, मॅडम स्वतःच्या सावलीचीही सही घेतात. म्हणू देत. माझ्या स्टोअरमधून आजवर साधा वॉशर गेलेला नाही.

मिस्त्रींवर मला संशय होता तो पहिल्या दिवसापासून. कारण सरळ होतं. माणूस जवळच्या दिघाशी गावचा, वडिलोपार्जित जमीन गोदामांसाठी विकलेली, दोन्ही मुलांनी मिळून बंगला बांधलेला, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह. दारात दोन मोठ्या गाड्या. आणि हे गृहस्थ साठी उलटल्यावरही रोज सकाळी आठला जुन्या स्कूटरवरून येऊन आमच्या ट्रकखाली आडवे होणार, डोळ्यांत धूळ आणि तोंडात ग्रीस घेणार. का? आपल्याला काही मिळत असल्याशिवाय कोण असं करतं? मी एकदा सरळ विचारलंच. ते म्हणाले, "घरी सगला नवीन हाय, बाय. मना काय करायला ठेवलंच न्हाय." हे उत्तर मला पटलं नाही. मी ते मनात जपून ठेवलं, पुरावा म्हणून.

त्यांचाही माझ्यावर विश्वास नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. माझी मुलगी दहावी पास झाली तेव्हा मी सगळ्यांना पेढे वाटले. मिस्त्रींनी पेढा हातात घेतला आणि विचारलं, "कशापायी?" कारण सांगितलं. तरी त्यांनी पेढा कागदात धरून ठेवला. मी स्वतः एक खाल्ला, तेव्हा कुठे त्यांनी तोंडात टाकला. मग मात्र मुलीला किती टक्के पडले ते नीट विचारलं, आणि आकडा ऐकून म्हणाले, "पेपर परत तपासून घे. जास्तीचे कापले असतील."

टपरीवरच्या चहाचा पहिला घोट ते जमिनीवर सांडायचे. मोबाईलमधली बाई रस्ता सांगायला लागली की तिला म्हणायचे, "तू आलीस काय इकडं कदी?" हायवेवर कुठे आमचा ट्रक बंद पडला की ते गाडी घेऊन जायचे, दुरुस्त करायचे, ड्रायव्हर निघायचा. पण हे तिथून परत फिरायचे नाहीत. त्या ट्रकच्या मागे मागे पाच-सहा किलोमीटर जायचे, कान बाहेर काढून. "चालू झाली म्हंजे चालंल असं न्हाय," हे त्यांचं म्हणणं. डिझेल फुकट जळतं म्हणून मी यावर कटकट करायची. ड्रायव्हर मात्र आरशात त्यांची गाडी दिसली की निर्धास्त असायचे. गोरखपूरकडचा एक ड्रायव्हर मला म्हणाला होता, "मैडम, पीछे मिस्त्री है तो नींद अच्छी आती है." मी त्याला विचारलं, गाडी चालवताना झोपतोस काय रे? तो हसत पळाला.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

त्या वर्षी शेठनी रस्त्यावरच्या दुरुस्तीसाठी नवी पिकअप घेतली. जुन्या गाडीत मिस्त्रींची हत्यारं एका लोखंडी पेटीत असायची आणि ती पेटी उचलायला दोन माणसं लागायची. शेठ म्हणाले, "ही पेटी आता पुरे. पोर्टेबल सेट घ्या. एका माणसाने एका हातात धरून उतरवला पाहिजे. मिस्त्री, पसंती तुमची." निवड मिस्त्रींकडे, खरेदी माझ्याकडे.

पहिला सेट मी मोबाईलवरून मागवला. एकशे आठ पीस, काळा प्लास्टिकचा डबा, प्रत्येक तुकड्याला आपापला खळगा. दिसायला इतका देखणा की ऑफिसमधली सगळी उठून बघायला आली. मिस्त्री सगळ्यांच्या मागून आले, खिशातून बोल्ट काढला, गोटी चढवली, कानाशी हलवली.

"न्हाय बसत."

मी त्यांना मोबाईल दाखवला. हजारो लोकांनी पाच-पाच तारे दिले होते. मिस्त्रींनी चष्मा लावून ते सगळं वाचलं आणि विचारलं, "या लोकांनी आपला बोल्ट लावून बगितला काय?"

सेट परत गेला. दुसरा वंजारपट्टी नाक्यावरच्या दुकानातून आणला. न्हाय बसत. तिसरा कल्याणहून. न्हाय बसत. प्रत्येक वेळी तेच, कान, खुळखुळ, बारीक डोळे. "हल्लीचा सगला माल ढिला," असा निकालही दरवेळी ठरलेला. गंमत म्हणजे, मधल्या काळात त्यांनी सुटे असे दोन-तीन पाने पसंत करून घेतले होते, आणि ते ट्रकच्या बोल्टवर हातोडी मारल्याशिवाय चढायचे नाहीत. त्याबद्दल विचारलं की म्हणायचे, "नवीन हाय. रुलंल."

मी सुचवलं की तीन बत्तीच्या गल्लीत हत्यारांचं जुनं दुकान आहे, तिथे बघू. सगळं भिवंडी त्या दुकानातून पाने घेत आलेलं. मिस्त्री एकदम म्हणाले, "तिथं न्हाय."

"का?"

"न्हाय म्हंजे न्हाय."

आणि उठून गेलेच. माझे कान टवकारले. गोरखपूरवाल्याला गाठून विचारलं. तो इकडे तिकडे बघून म्हणाला, "उधर उनका कुछ पुराना लफड़ा है, मैडम. पहले रोज वहीं बैठते थे." झालं. माझ्या डोक्यात चित्र तयार झालं. एका दुकानाशी बिनसलं, म्हणजे दुसऱ्या कुठल्या तरी दुकानाशी जमलेलं असणार. त्या दुकानाचा सेट येईपर्यंत हे बाकीचे सगळे नापास करत राहणार. बंगलेवाला माणूस ट्रकखाली का झोपतो, याचं उत्तर मला आता मिळालंसं वाटलं.

चौथा सेट नापास झाला त्या दिवशी शेठ स्वतः आवारात होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, "दसऱ्याला नव्या गाडीची पूजा आहे. त्या दिवशी गाडीत सेट दिसला नाही, तर रस्त्यावरचं काम बाहेरच्या एजन्सीला देणार. मग मिस्त्रींनी घरी बसून नातवंडं खेळवावीत." मिस्त्री कापसाच्या गुंड्याने हात पुसत होते. ते पुसतच राहिले, हात स्वच्छ झाले तरी. दुसऱ्या दिवशी ते आठऐवजी साडेसातला आले. मी गेटवरच्या नोंदीत ते बघितलं, आणि खरं सांगते, मला त्याचाही संशयच आला.

दसऱ्याला चार दिवस होते. दुपारी मी छपाईचे कागद आणायला शहरात गेले होते. गल्लीतल्या यंत्रमागांच्या खटखटाटात रिक्षावाल्याला पत्ता ओरडून सांगत होते, तेवढ्यात समोर मिस्त्रींची स्कूटर दिसली. ड्युटीच्या वेळात. मी रिक्षा तिच्या मागे घ्यायला लावली. स्कूटर एका हार्डवेअरच्या दुकानापाशी थांबली. मिस्त्री आत गेले. दुकानदाराने त्यांना कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं, ते त्यांनी शर्टाच्या आत सरकवलं आणि मान हलवून निघाले. सगळं मिळून दोन मिनिटांत. मी रिक्षात बसल्या बसल्या स्वतःशी म्हटलं, सापडलास.

नवमीच्या सकाळी एका ड्रायव्हरला एकोणीसचा बोल्ट हवा होता. मी नवं पाकीट फोडलं, त्याला एक दिला. टेबलावर तो चौथा सेट परत पाठवायला बांधून ठेवला होता. काय मनात आलं कोण जाणे, मी तो सोडला, त्यातली एकोणीसची गोटी काढली आणि पाकिटातल्या नव्या बोल्टवर ठेवली. ती अलगद, बरोब्बर बसली. कानाशी हलवून बघितली. आवाज नाही. दुसरा बोल्ट लावला, तिसरा लावला, पाकीट संपेपर्यंत लावत गेले. एकही खुळखुळला नाही.

त्या क्षणी मला जो आनंद झाला तो सांगायला आज लाज वाटते. गोटी बरोबर आहे आणि मिस्त्री खोटं बोलतायत, याचा हातात धरण्याजोगा पुरावा होता. मी डबा उचलला, दोन बोल्ट मुठीत घेतले आणि आवारात गेले.

खंडेनवमीची तयारी चालली होती. मिस्त्रींनी गोणपाट अंथरून सगळी हत्यारं त्यावर ओळीने मांडली होती, ड्रायव्हर झेंडूच्या माळा ओवत होते. मिस्त्री उकिडवे बसून काहीतरी घासत होते. बाजूला तो कागदात गुंडाळलेला माल उघडा पडला होता. पॉलिश पेपर होता. गंज काढायचा काळा खरखरीत कागद, कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळतो तो. आणि त्या कागदाने ते आपला बोल्ट घासत होते. सहाही बाजू, एक एक करून, अंगठ्याने दाबून. मग जुन्या धोतराच्या फडक्याने पुसायचे, उन्हात धरून बघायचे, पुन्हा घासायचे.

मला तिथेच कळायला हवं होतं. पण मी तावात होते. सहा-सात ड्रायव्हरांसमोर डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, "मिस्त्री, ही गोटी तुम्ही नापास केलीत. आता या बोल्टवर बसवून दाखवा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, डोळे बारीक करून. नवा बोल्ट घेतला, गोटी चढवली, कानाशी नेली. हलवली. पुन्हा हलवली. मग म्हणाले, "बोल्ट जाड हाय तुजा. डुप्लिकेट."

"दुसरा घ्या."

दुसराही बसला. मिस्त्री उठले. शेजारी उभ्या असलेल्या ट्रकपाशी गेले, खाली वाकले आणि गोटी थेट ट्रकच्या बोल्टवर चढवली. तिथून दुसऱ्या ट्रककडे गेले. मग तिसऱ्या. ड्रायव्हरांचे हात माळा ओवता ओवता थांबले होते. आवाराच्या टोकापर्यंत जाऊन मिस्त्री परत आले, गोणपाटावर बसले, आणि आपला लखलखीत बोल्ट नव्या बोल्टाशेजारी उभा केला. डोक्याला डोकं लावून. फरक साध्या डोळ्यांनाही दिसत होता. त्यांचा बोल्ट रोडावलेला होता.

"दर दसऱ्याला घासला," ते म्हणाले. "काम शिकवलं त्या उस्तादानी दिलेला, पूजेत काला दिसायला नको. दर दसऱ्याला घासला, बाय. तीस वरसं."

खोटं बोलणारा माणूस पकडायला म्हणून मी गेले होते, आणि तिथे खोटं कुणीच बोललं नव्हतं. त्यांनी ज्या मापाने जगाला तपासलं ते मापच भक्तीने झिजवलं होतं. त्या मापाला बसतील असे पाने हुडकून आणले, ते खरे चुकीचे होते, म्हणून हातोडी लागायची. हे सगळं मला एका दमात कळलं आणि ते मी खाजगीत सांगायला हवं होतं हेही. पण बोलून गेलेलं परत कुठे घेता येतं?

मिस्त्रींनी अंगठा एका बोल्टवरून दुसऱ्यावर फिरवला. मग त्यांनी विचारलं, आणि ते मला विचारलं नव्हतं, "म्हंजे चाचाचा सेट बरोबर होता?"

चाचा कोण ते मला ठाऊक नव्हतं. मला वाटलं, आता शेठ, नोकरी, एजन्सी यांच्याबद्दल काही बोलतील. ते मात्र उठले, दोन्ही बोल्ट खिशात टाकले आणि म्हणाले, "बाय, चल माज्यासंगती. एकला गेलो तर दारातून परत येईन."

नव्या पिकअपमधून आम्ही तीन बत्तीला गेलो. वाटेत त्यांनी सांगितलं ते असं. त्या दुकानाचे चाचा आणि हे तरुणपणापासूनचे दोस्त. चाचांचं घराणं इथलंच, पिढ्यानपिढ्या लोखंडाच्या व्यापारातलं. यांची सगळी हत्यारं त्यांच्याकडची. रोज संध्याकाळचा चहा त्यांच्या ओट्यावर. अकरा वर्षांपूर्वी चाचांनी एक नवा सेट दाखवला, मोठ्या हौसेने यांच्यासाठी मागवलेला. यांनी बोल्ट लावला. खुळखुळला. चार गिऱ्हाइकांसमोर हे म्हणाले, यात खोट हाय, मना डुप्लिकेट देतोस? चाचा शांतपणे म्हणाले, तुझा बोल्ट दे, मोजून बघतो.

"मग?" मी विचारलं.

"मंग मना राग आला. म्हटलं, माज्या उस्तादाच्या बोल्टावर संशय घेतोस? आनि ओट्यावरनं उतरलो खाली. अकरा वरसं झाली."

गल्लीच्या तोंडाशी आल्यावर म्हणाले, "तवाच एकदा मोजू दिला असता तर."

दुकान अरुंद आणि खोल. चाचा पुढेच स्टुलावर बसले होते, पांढरी दाढी, नाकावर जाड चष्मा. त्यांनी मिस्त्रींना ओळखलं ते मला दिसलं, कारण त्यांचा पुसायला घेतलेला पाना हातातच राहिला. पण त्यांनी या म्हटलं नाही.

"आज काय आणलंस?" त्यांनी विचारलं. "साक्षीदार?" हे माझ्याकडे बघून.

मिस्त्रींनी नेहमीसारखा उजव्या खिशात हात घातला. चाचांचा चेहरा आवळला. पण या वेळी काचेवर दोन बोल्ट उभे राहिले.

"मोज," मिस्त्री म्हणाले.

चाचांनी लगेच हात लावला नाही. आधी मिस्त्रींकडे बघितलं, मग माझ्याकडे, यात काही डाव तर नाही ना अशा नजरेने. मग खणातून माप घ्यायचा व्हर्नियर काढला. जुना, पितळी, चामड्याच्या म्यानात ठेवलेला. नवा बोल्ट मोजला. "एकोणीस मिलिमीटर." लखलखीत बोल्ट हातात घेतला, बोटांनी त्याच्या कडा चाचपल्या, मोजला, चष्मा वर करून पुन्हा मोजला. "हा साडेअठराला पण पुरत नाही."

"अकरा वरसांपूर्वी?"

"अकरा वर्षांपूर्वी तू हात लावू दिला नाहीस. मी काय सांगू?"

मिस्त्री उभेच होते. हात काचेवर, मान खाली. मी आजवर या माणसाला कुणाची माफी मागताना बघितलं नव्हतं आणि त्या दिवशीही मागितली असं म्हणता येणार नाही. ते एवढंच म्हणाले, "खोट माज्यात होती, चाचा." आवाज इतका बारीक की मागाच्या खटखटाटात मला तो ओठांवरूनच कळला.

चाचा उठले. स्टूल घेऊन आत गेले. आतून काहीतरी सरकवल्याचा, खोकल्याचा आवाज आला. बाहेर आले ते धुळीने माखलेला एक निळा पत्र्याचा डबा घेऊन. फडक्याने पुसला, कडी काढली, झाकण उघडलं. आत पाने, रॅचेट, गोट्या, सगळं तेलकट कागदात जसंच्या तसं.

"हा तोच?" मिस्त्रींनी विचारलं. "विकला न्हायस?"

"तू चार लोकांसमोर म्हणालास, यात खोट आहे. खोटीचा माल मी विकत नाही." चाचांनी फडकं झटकलं. "आणि किती शोधली तरी खोट सापडत नव्हती. म्हणून परत पण पाठवता येईना."

मिस्त्रींनी एकोणीसची गोटी काढली. नवा बोल्ट घेतला. पहिल्यांदा तिरकी गेली, नीट चढली नाही. मी माझ्या संशयी स्वभावाला स्मरून वाकून बघत होते, कारण नेमकी हीच गोटी सदोष निघाली तर काय, असंही माझ्या मनात येऊन गेलं. दुसऱ्यांदा चढली. मिस्त्रींनी ती कानाशी नेली, हलवली, डोळे मिटले.

"बसली," ते म्हणाले.

मग सवयीने त्यांनी डबा उलटापालटा केला, एका हाताने उचलून वजन बघितलं, झाकण दोनदा लावून काढलं आणि कपाळाला आठी घातली. "कडी जरा ढिली हाय."

"लाव," चाचा म्हणाले, "लाव आता कडीला बोल्ट लावून बघ!" आणि दोघंही म्हातारे असे काही हसायला लागले की आत येणारं एक गिऱ्हाईक घाबरून बाहेरच थांबलं. चहा आला. मिस्त्रींनी पहिला घोट सांडला नाही. माझं लक्ष होतं.

निघताना चाचांनी तो झिजलेला बोल्ट काचेवरून उचलून आपल्या खणात टाकला. "हा इथे राहू दे. तुझ्या हातात राहिला तर उरलेला पण घासशील."

मिस्त्रींनी हात पुढे केला होता, तो मागे घेतला.

दसऱ्याला पिकअपमध्ये निळा डबा होता. शेठनी तो एका हाताने उचलून बघितला आणि विचारलं, "एवढे चार सेट परत करून हा जुना डबा?" मी पटकन म्हटलं, "हा बसतो." त्यांना याहून जास्त सांगायची गरज मला वाटली नाही. एजन्सीचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यानंतर मिस्त्री तीन वर्षं त्या गाडीवर होते. संध्याकाळी स्कूटर दिघाशीकडे वळण्याआधी तीन बत्तीकडे वळायला लागली. संशय काही गेला नाही. मोबाईलमधल्या बाईशी भांडण चालूच राहिलं. दुरुस्त झालेल्या ट्रकच्या मागे जाणंही चालू राहिलं, फक्त डिझेलवरून मी बोलायची थांबले. बदल एकच. खिशात आता माझ्या पाकिटातला नवा बोल्ट असायचा आणि दर सहा महिन्यांनी ते तो माझ्या टेबलावर ठेवून म्हणायचे, "बाय, मोजून दे." मी मोजायची. त्यांना मुद्दाम विचारायची, माझ्या व्हर्नियरवर विश्वास आहे ना? ते म्हणायचे, "न्हाय. पन तुज्यावर हाय." असं ते पहिल्यांदा म्हणाले त्या दिवशी मी स्टोअरमध्ये जाऊन उगाच फिल्टर मोजत बसले.

खंडेनवमीला चाचा तो झिजलेला बोल्ट आमच्या एखाद्या ड्रायव्हरबरोबर पूजेला पाठवायचे, कागदाच्या पुडीत. पुडीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं, 'घासू नका.' मिस्त्री ते सगळ्यांना वाचून दाखवायचे, शिव्या घालायचे, बोल्टाला कुंकू लावायचे, झेंडूचं फूल वाहायचे आणि संध्याकाळी स्वतः परत नेऊन द्यायचे.

यंदा होळीच्या आधी मिस्त्री गेले. झोपेतच, घरी, सगळ्या नवीन सामानाच्या मधोमध. मी दिघाशीला गेले होते. सिमेंटच्या सिंहांपाशी चाचा एकटेच खुर्ची टाकून बसले होते. मी शेजारी दुसरी खुर्ची टाकली.

खंडेनवमीला मी गोणपाट अंथरून घेतलं. निळा डबा मधे ठेवला, ड्रायव्हरांनी माळा घातल्या. पुडी आली नव्हती. मला वाटलं, विसरले असतील. आता कुणासाठी पाठवायची, असंही वाटलं असेल. आम्ही कापूर लावणार तेवढ्यात गेटशी रिक्षा थांबली. चाचा उतरले. गोरखपूरवाल्याने पळत जाऊन त्यांचा हात धरला. ते गोणपाटापाशी आले, खिशातून बोल्ट काढला, दुसऱ्या खिशातून व्हर्नियर काढला, आणि सगळ्यांसमोर बोल्ट मोजला.

"तेवढाच आहे," मला म्हणाले. "बघून घे, बेटा. कुणी घासला नाही."

मी डब्यातली एकोणीसची गोटी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बोल्टवर चढवली, कानाशी नेली आणि हलवली. आतून खुळखुळ आली. चाचांनी डोळे बारीक करून आमच्या सगळ्यांकडे बघितलं.

"न्हाय बसत," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसायला लागले.